लुशियसची काच

"ओढू नका, काका. ओढलं की बोट आणखी फुगतं," व्हर्लीन म्हणाली.

"मी कुठे ओढतोय? बोटच तिला आत ओढतंय," एल्झी ट्रेडवे म्हणाला.

सकाळचे साडेनऊ झाले होते. टलुला बेंडच्या दवाखान्यात शनिवारी डॉक्टर नसत, म्हणून शनिवारी आजारी पडायचं नाही असा गावाचा रिवाज होता. लुशियस ट्रेडवेने तो पाळला होता. तो मंगळवारी गेला, डॉक्टर समोर असताना. आज त्याची मूठमाती, आणि दवाखान्यात एकटी नर्स व्हर्लीन. तिच्यासमोर लुशियसचा धाकटा भाऊ काळा सूट घालून बसला होता. त्याच्या डाव्या करंगळीत तपकिरी काचेची बोटभर नळी रुतून बसली होती.

"अंगठी असती तर कातरून काढली असती," व्हर्लीन म्हणाली. "ही काच आहे. फोडावी लागेल."

"फोडायची नाही."

"मग काय, बोट कापू?"

एल्झी विचारात पडला. तो विचारात पडला हे व्हर्लीनला मुळीच आवडलं नाही.

"काका!"

"अगं, ही लुशियसच्या कोटाच्या खिशात जायचीय. पेटी बंद व्हायच्या आत, आणि अख्खी. अर्नेस्टीनवहिनीकडून वचन घेतलंय त्याने."

"मग तुम्ही ती घातलीत कशाला?"

हा प्रश्न त्याला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्या दोन वेळा त्याने स्वतःच विचारला होता.

ती काच म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची मान. लहानपणी दोघा भावांना एकदमच डांग्या खोकला झाला. आईने दोघांना एकाच बाटलीतलं औषध पाजलं. बाटली संपल्यावर लुशियसने तिच्या मानेभोवती रॉकेलमध्ये भिजवलेली सुतळी बांधली, पेटवली आणि बाटली गार पाण्यात बुडवली. मान टचकन सुटून आली. पायरीच्या सिमेंटवर तिची कड त्याने दोन दिवस घासली. वाटणी रीतसर झाली : लुशियसला बाटलीची मान, एल्झीला औषधाचा चमचा.

घराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून लुशियसने झाडूच्या काड्या आवळणारी तार सोडवून ताणली आणि तिच्यावरून ती काच फिरवली. भिंत रडायला लागली. आई बाहेर आली, तिने आधी दोघा पोरांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि पुन्हा आत गेली. झाडू मात्र सुटून गेला तो गेलाच.

पुढे गिटार आली. पुढची बावन्न वर्षं लुशियस काच फिरवत राहिला आणि एल्झी शेजारच्या खुर्चीत बसून अंगठ्याने खर्ज धरत राहिला. आठवडाभर एल्झी कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या पोटात हात घालायचा आणि शनिवारी तेच हात धुऊन भावाच्या मागे ठेका धरायचा. लुशियस ओळ कधी पुरी गायचा नाही. "बाई, तू मला असं सोडून..." एवढं म्हणून तोंड मिटायचा, आणि उरलेलं काच म्हणायची. लोक म्हणत, शब्द लुशियसपेक्षा काचच स्वच्छ बोलते. लुशियसचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे यात काही तथ्य होतं.

काचेला त्याने एल्झीला हात लावू दिला नाही. "तू दाबशील," तो म्हणायचा. "तुला बोल्ट आवळायची सवय. काच तारेवर टेकवायची असते, एल्झी. गिटारच्या दांडीवरच्या त्या धातूच्या पट्टीच्या, पडद्याच्या, अगदी डोक्यावर नेऊन नुसती टेकवायची. मागच्या बोटांनी तार हळूच गप्प करायची. दाबलीस की खाली पडद्याला टक्कन आपटते, आणि मेलेला माणूससुद्धा उठून विचारतो, कोण रे तो?"

आज सकाळी अर्नेस्टीन आतल्या खोलीत सुटाला इस्त्री करत होती आणि काच टेबलावर पडली होती. फक्त एक क्षण, एल्झीने ठरवलं. त्याने ती करंगळीत घातली. लुशियसची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी, एल्झीची रताळ्यासारखी. घालताना जोर लावावा लागला. तेवढ्यात वहिनीची पावलं ऐकू आली आणि घाबरून त्याने उलट ओढायला सुरुवात केली. त्यानंतर साबण झाला, लोणी झालं, डुकराची चरबी झाली. आता बोटाला नाश्त्याचा वास येत होता.

"ऐका," व्हर्लीन म्हणाली. "हात छातीच्या वर ठेवायचा. सारखा. खाली आणायचा नाही. आणि ओढायचं नाही. सूज उतरली तर आपोआप येईल. अकरा वाजता मीही चर्चमध्ये आहेच. बोट निळं दिसलं, तर तिथल्या तिथे फोडणार. मग तुमच्या वहिनीला काय सांगायचं ते तुम्ही बघा."

अर्नेस्टीन चर्चच्या दारातच उभी होती. काळी हॅट, काळे हातमोजे, सरळ पाठ. एल्झी रुमालात गुंडाळलेला डावा हात वर धरून पायऱ्या चढला.

"कोणाला हात करतोयस?"

"वहिनी..."

तिने रुमाल उचलून पाहिलं.

"बावन्न वर्षं दम धरलास," ती म्हणाली. "आणखी चार तास नाही धरवला तुला?"

"निघेल."

"निघालीच पाहिजे. तुकडे मी त्याच्या खिशात घालणार नाही. आणि त्याला मोकळ्या खिशाने धाडणारही नाही. मग काय, तुला सोबत धाडू?"

लुशियस पुढे उघड्या पेटीत पडला होता, जरा जास्तच गंभीर चेहरा करून. पेटीशेजारी स्टँडवर त्याची गिटार ठेवली होती. त्यावरून रेव्हरंड मॉस्बींची आणि अर्नेस्टीनची दोन दिवस बोलणी चालली होती. बाई सोडून गेल्याचं असलं संगीत चर्चच्या छपराखाली रेव्हरंडना चालत नसे. शेवटी तडजोड निघाली : गिटार आत येईल, पण बोलणार नाही.

एल्झी पहिल्या बाकावर बसला. रेव्हरंड बोलू लागले. सगळीकडे कागदी पंखे हलत होते आणि एल्झीचा हात वर होता.

तीस वर्षांत एल्झी ट्रेडवे चर्चमध्ये फिरकला नव्हता. तोच माणूस आज पहिल्या बाकावर हात उंचावून बसलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वेदना. रेव्हरंड मॉस्बींनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. पाच मिनिटं गेली, हात खाली येईना. मागच्या बाकावरची एक बाई "धन्य, प्रभू!" म्हणाली. दहा मिनिटं झाली. कळ खांद्यापर्यंत पोचली आणि एल्झीच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेव्हरंडनी बायबल मिटलं. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी या हाताची वाट पाहिली. मंडळी, बोलू द्या त्याला! ब्रदर एल्झी, उठा. पवित्र आत्मा तुम्हाला उठवतोय!"

"आत्मा नाही, रेव्हरंड, ते..."

"लाजू नका!"

व्हर्लीनने पंखा तोंडासमोर धरला. अर्नेस्टीनने खालून एल्झीच्या घोट्यावर बूट मारला. "ऊठ. आणखी शोभा नको."

एल्झी उठला. पेटीजवळ गेला.

"माझा भाऊ..." तो म्हणाला, आणि थांबला.

पुढचं त्याला सुचत नव्हतं असं नाही. बावन्न वर्षांची सवय होती. ओळ अर्ध्यावर सोडायची आणि उरलेली काच म्हणायची. तो थांबला आणि वाट पाहू लागला. कोणीच काही म्हणेना. त्याने पेटीत पाहिलं. लुशियस काही म्हणायच्या बेतात दिसला नाही. मग त्याच्या लक्षात आलं की काच आपल्याच हातात आहे.

त्याने रुमाल सोडला, गिटार उचलली आणि खुर्ची ओढून बसला. रेव्हरंडनी तोंड उघडलं. पण आत्म्याला आपणच बोलायला उठवलंय, हे आठवून त्यांनी ते मिटलं.

तारा लुशियसने सोडल्या तशाच लावलेल्या होत्या. नुसता हात फिरवला तरी गाणं सुरू होईल अशा. एल्झीने अंगठ्याने खर्ज धरला. तेवढं त्याला झोपेतही येत होतं. मग त्याने काच तारेवर ठेवली.

टक्.

"दाबू नकोस रे!" पहिल्या बाकावरून अर्नेस्टीन ओरडली. "टेकव!"

पन्नास वर्षं स्वयंपाकघरातून ती हे ऐकत आली होती.

एल्झीने हात सैल सोडला. काच पडद्याच्या अगदी डोक्यावर नेली आणि नुसती टेकवली. सूर खालून आला, थरथरत वर चढला आणि तिथे उभा राहिला. "माझा भाऊ..." एल्झी पुन्हा म्हणाला, आणि तोंड मिटलं. काच म्हणाली, गेला.

"ऐकलं रे बाबा, ऐकलं," मागून एक म्हातारा म्हणाला.

मग आईच्या तोंडचं एक जुनं भजन त्याने वाजवलं. एकच कडवं, तेही अर्धं तोंडाने, अर्धं काचेने. दोनदा टक् झालं. रेव्हरंड मॉस्बी छताकडे पाहत होते. छताने काही हरकत घेतली नाही.

कडवं संपल्यावर एल्झीने हात खाली सोडला. घामेजल्या करंगळीवरून काच अलगद घरंगळली आणि तळहातात येऊन पडली, जशी काही कधी अडकलीच नव्हती.

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की पहिल्या बाकावरचे दोन पंखे थांबले. व्हर्लीनने हातातली पिशवी मिटली. तिच्यात छोटी हातोडी होती, हे तिने नंतर कबूल केलं.

एल्झीने काच आपल्या कोटाला पुसली. दोन्ही टोकांकडून पाहिली. अख्खी होती. लुशियसच्या खिशात ती ठेवून वरून त्याने दोनदा थोपटलं, आणि पेटी बंद झाली.

"बरं वाजवलंस," बाहेर आल्यावर अर्नेस्टीन म्हणाली. हॅटखालचे तिचे डोळे लाल होते. "तो असता तर त्याने दोन चुका काढल्या असत्या."

"तीन," एल्झी म्हणाला. "एक तुम्हाला ऐकू आली नाही."

ती हसली. मंगळवारनंतर पहिल्यांदाच हसली, आणि मग त्याचा दंड धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

दफन झाल्यावर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. तळलेला मासा, पालेभाजी, मक्याची भाकरी. रेव्हरंड मॉस्बींनी एल्झीला पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं. बघू, असं एल्झी म्हणाला, आणि रेव्हरंडनी ते हो म्हणून लिहून घेतलं.

व्हर्लीनने येऊन त्याचं बोट तपासलं. करंगळीच्या मुळाशी फिकट वळ उमटला होता.

"दुखतंय?"

"नाही," एल्झी म्हणाला. "हलकं वाटतंय."

तिने त्याच्या पुढ्यात गार चहाचा काचेचा पेला ठेवला. एल्झीने तो डाव्या हाताने उचलला. चार बोटं पेल्याभोवती वळली. करंगळी मात्र वळली नाही. ती बाजूला, सरळ, जराशी वर तशीच राहिली, अजून तिच्यात काही असल्यासारखी. मग हळूच ती ओल्या काचेवर आली आणि टेकली.

दाबली नाही.