तीन गोळ्यांची सुखीबाई

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. मारायची नव्हे आणि टेकायचीही नव्हे. निदान जन्मले तेव्हा तरी नव्हते. मी मापाची काठी. महागावच्या नौशाद मिस्त्रींनी चौकटीतून उरलेल्या सागाच्या पट्टीतून मला तासलं, पॉलिश पेपरने घासलं आणि अंगावर रंगाचे पट्टे ओढले. तळाशी पांढरा, मग पिवळा, हिरवा, निळा आणि वर लाल. ज्याचं डोकं पिवळ्यात त्याला एक गोळी, हिरव्यात दोन, निळ्यात तीन, लालमध्ये चार. पांढऱ्यातल्या चिमुरड्यांना ही गोळी नाहीच. मला माझ्या पट्ट्यांचा भारी अभिमान होता, तो कशाला लपवू?

हत्तीपाय नावाच्या रोगाविरुद्ध मला उभं केलं होतं. डास चावतो, सुतासारखे बारीक जंत अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. माणूस हसतो, खेळतो, लग्न करतो, आणि मग एक दिवस पाय सुजू लागतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून धडधाकट माणसांनीच गोळ्या घ्यायच्या असतात. निम्म्या गावाने घेऊन भागत नाही, कारण डास घरं बघून चावत नाही.

मला वर्षाच्या हाती दिलं. वर्षा आमच्या बंजारा तांड्यातलीच सून आणि तिथली आशाताई, म्हणजे घरोघरी औषधं पोचवणारी. हिवाळा सरत आला होता. कापूस वेचून माणसं परतली, जेवली आणि तांड्याचा प्रमुख रूपसिंग नायक, त्याच्या अंगणात जमली. वर्षाने मला भिंतीला टेकवलं. मी ताठ उभी राहिले. माझा पहिलाच दिवस होता ना!

तेवढ्यात समोरच्या घराच्या दारातून एक खणखणीत आवाज आला.

"वर्षा, जित्या माणसाले काठी लावून मापतेत काय वं? मेल्यावर मापतेत, तिरडीचा बांबू तोडाले!"

ती सुखीबाई होती. अर्ध्या तांड्याची बाळंतपणं तिच्या हातची, त्यामुळे तिचा शब्द कोण मोडणार? बायांनी पोरांना मागे ओढलं. लालसिंग पागोटं काढून माझ्यापाशी येत होता, त्याने ते पुन्हा डोक्यावर चढवलं. बघता बघता अंगण रिकामं झालं. वर्षा माझ्या शेजारी कितीतरी वेळ बसून होती. अपशकुनी ठरल्यावर कसं वाटतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्षा मला घेऊन सुखीबाईकडे गेली. भांडायला गेली असं मला वाटलं. पण आत गेल्यावर तिची नजर खाटेखाली लोंबणाऱ्या पायाकडे गेली. सुखीबाईने घाईघाईने फेटिया, म्हणजे तिचा घेरदार घागरा, खाली ओढला. पण दिसायचं ते दिसलं होतं. गुडघ्यात वात आहे म्हणून ती बाहेर पडत नाही, असंच सगळा तांडा समजत होता.

"कोणाले सांगजो नोको," ती म्हणाली. सगळ्यांना दटावणाऱ्या बाईचा आवाज एवढासा झाला होता.

 वर्षाने बादली भरली, साबण घेतला आणि तो पाय धुतला. बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपून मलम लावलं. मग ती रोज दुपारी येऊ लागली. मी दाराला टेकून सगळं पाहायची. एका दुपारी सुखीबाईने विचारलं, "तुह्या गोळ्यानं माहा पाय उतरते काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. वर्षा खोटं बोलली नाही.

"नाई याडी. हा आता नाई उतरत. पण पाय सुजाच्या आधी तुले काई समजलं होतं काय? मंग अंजूले तरी कसं समजंल?"

याडी म्हणजे आई. आणि अंजू ही सुखीबाईची नात, रोज तिच्याच कुशीत झोपणारी. सुखीबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुन्हा एकदा अंगणात माणसं बोलावली. आली, पण लांबच उभी राहिली. मग समोरचं दार उघडलं. भिंत धरत, पाय ओढत सुखीबाई अंगण ओलांडून आली आणि सगळ्यांसमोर तिने फेटिया गुडघ्यापर्यंत वर उचलला. 

"पाहून घ्या. हे काठीनं नाई झालं," ती म्हणाली. "माप मले, वर्षा. मी काई मेली नाई अजून."

तिचं डोकं माझ्या निळ्या पट्ट्याला लागलं. ती जेवूनच आली होती. तिने तीनही गोळ्या बाकीच्या औषधासकट सगळ्यांदेखत गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं. मग जी रांग लागली! लालसिंग तर लाल पट्टा गाठायला टाचा उंचावत होता. वर्षाने त्याला दोनदा खाली दाबलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस. पण सुखीबाईला त्याची किंमत मोजावी लागली.

त्याच रात्री तिची सून रंजिता अंजूचं अंथरूण उचलून आपल्या घरी घेऊन गेली. सुखीबाईच्या घागरीतलं पाणी बाया पिईनाशा झाल्या. होळीला बोलावणं आलं नाही. "शिवल्यानं होत नाई हा रोग," वर्षा दारोदार सांगत फिरली. लोक माना डोलवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. ज्या बाईने तांडा वाचवला, तिलाच तांड्याने घरात बसवलं. मला याचा राग येतो, आजही येतो.

पुढे दरवर्षी गोळ्यांच्या फेरीला माझ्यापुढे आपोआप रांग लागे. आणि मग रक्ताच्या तपासणीत तांड्यात कोणाच्याच अंगात जंत सापडले नाहीत. वर्षाचं कौतुक झालं, नायकाचा फोटो निघाला. मी दाराआड होते. माझं काम संपावं म्हणूनच मला घडवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी वाईट वाटलंच.

सुखीबाईने मला मागून घेतलं, टेकायला. आता मी तिच्या कोपऱ्यात असते. कधी कधी ती माझ्याशी पाठ लावून उभी राहते आणि डोक्यावर तळवा ठेवते. तीन गोळ्यांची सुखीबाई वाकत वाकत आता हिरव्या पट्ट्यावर, दोन गोळ्यांवर आली आहे. वर्षा अजूनही पाय धुवायला येते. परवा सुखीबाई तिला म्हणाली, "मी गेली का मले याच काठीनं मापजो. वयखीची हाये." ओळखीची आहे म्हणे.

मित्रांनो, मला ते माप नको आहे. तुमच्या दारी गोळ्या घेऊन कोणी आलं, तर जेवून घ्या आणि त्यांच्यासमोर गिळा, एवढं ऐका. आणि ज्याचा पाय सुजला आहे त्याच्या शेजारी बसा. बसल्याने काही होत नाही.

आमचं घर नायकाच्या अंगणासमोर आहे. दार उघडंच असतं. अंजू दारावरून जाते तेव्हा आम्ही दोघी तिच्या उंचीचा अदमास घेतो. सुखीबाई म्हणते निळ्यात आली, मला वाटतं लाल गाठला असेल. तिला कोणीतरी सांगा, एकदा आत येऊन माझ्यापाशी उभी राहा म्हणावं.