कारवारची उजवी खिडकी

रत्नदीपच्या डाव्या मनगटापासून चार बोटं वर, त्वचेखाली, एक थरथर होती. दुरून गाडी येत असताना रुळाला हात लावला की लागते, तशी. ज्योत्स्ना रोज सकाळी तिथं बोट ठेवून पंधरापर्यंत आकडे मोजायची. थरथर सलग लागली म्हणजे ऑपरेशन करून जोडलेली शीर चालू आहे, मशीन लावता येईल. शनिवारी डायलिसिसच्या खोलीत, नर्स प्रेरणानं सुया टोचायच्या आधी, ज्योत्स्नानं पुन्हा एकदा बोट ठेवलं. थरथर होती, पण मागच्या महिन्यापेक्षा मंद.

"चालू हाय ना इंजिन?" रत्नदीपनं विचारलं.

"हाय."

रत्नदीप तिचा धाकटा भाऊ. आर्वीच्या एसटी डेपोत त्यानं बावीस वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढली. कोणती गाडी कुठं पोचली असेल, हे तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून सांगायचा. लग्न केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि तो बहिणीच्या घरी वर्ध्याला राहायला आला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला मशीन. दिवसाला पाऊण लिटर पाणी. ते ज्योत्स्ना सकाळीच एका स्टीलच्या बाटलीत मोजून भरून ठेवायची आणि शाळेत विज्ञान शिकवायला जायची.

एप्रिलमध्ये एकदा जेवताना तो सहज म्हणाला होता की, आपण दोघांनीही अजून समुद्र पाहिला नाही. बस्स, एवढंच. ज्योत्स्नानं दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. रत्नदीपला फार चालवत नव्हतं, तेव्हा समुद्र गाडीच्या खिडकीतूनच पाहायचा, आणि तोही उजेडात. शनिवारी अकराला मशीन सुटल्यापासून मंगळवारी सातपर्यंत अडुसष्ट तास मिळत होते. त्यात जाऊन परत यायचं. विशाखापट्टणमचा मार्ग तिनं आधी लिहिला आणि खोडला, कारण त्या वाटेवर रूळ बहुतेक आतून जातात. केरळात समुद्र रुळाला लागून होता, पण तिथवर जाऊन तासांत बसत नव्हतं. रत्नागिरी ते मडगाव सुंदर असल्याचं सगळेच सांगत. तिनं नकाशावर बोगदे मोजले आणि तोही सोडला. उरला मडगाव ते कारवार. तासाभराचा प्रवास, आणि शेवटी काळी नदीचा पूल, जिथं नदी समुद्राला मिळते. जाताना उजवी खिडकी, येताना डावी. मडगावला गाडी बदलायला पावणेदोन तास. ऑगस्टचा पहिला रविवार तिनं पक्का केला.

हे सगळं प्रेरणाला ठाऊक होतं. ती दर खेपेला विचारायची की, मॅडम, तिकिटं काढली का. आणखी एक गोष्ट प्रेरणाला ठाऊक होती, ती मात्र ती विचारत नसे. मार्चमध्ये भावाला किडनी देता येईल का, यासाठी ज्योत्स्नाच्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळं जुळलं होतं. संमतीचा फॉर्म तेव्हापासून निळ्या फायलीत कोरा होता. डॉक्टरांनी जूनमध्ये स्वच्छ सांगितलं होतं, रत्नदीपच्या हृदयावर ताण येतोय, दिवाळीनंतर किडनी बसवायचं ऑपरेशन झेपेल याची खात्री देता येणार नाही.

किडनी देणाऱ्याच्या जिवाला किती धोका, हे ज्योत्स्नानं वाचलं होतं. दहा हजारांत तीन. वर्गातल्या मुलांना तिनं या आकड्याचा अर्थ दोन मिनिटांत समजावला असता. पण नवरा गेल्यावर पुण्याच्या वल्लरीला, तिच्या मुलीला, आईखेरीज कुणी नव्हतं. वल्लरी फोनवर एकदाच म्हणाली होती, "आई, तुला काही झालं तर मी कुणाकडं येऊ?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. ज्योत्स्नानंही काढला नाही. ती वही काढून बसायची.

मशीन सुरू होऊन तास झाला होता. नळीतून रक्त जात होतं, येत होतं. ज्योत्स्नानं वही त्याच्यापुढं धरली आणि सांगितलं की आज तिकिटं काढून टाकू, खिडकीची जागा हवी तर उशीर नको.

रत्नदीपनं मोकळ्या हातानं वही घेतली. एका ओळीवर बोट टेकवलं.

"ताई, हे टाइमटेबल कोणत्या महिन्याचं हाय?"

"मे महिन्याचं. दुकानातून छापून आणलं होतं."

"तिकडं पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात. टाइम बदलते. घाटात गाडी एवढ्या स्पीडनं सोडतच नाईत." तो थांबला, धाप ओसरू दिली. "आपली गाडी मडगावले पोचन तवा कारवारची सुटली राहीन. पुढच्या गाडीनं गेलो त अंधार. सकाळपर्यंत थांबलो त मंगळवारचं मशीन चुकते."

ज्योत्स्नानं वही परत घेतली. आकडे पुन्हा पाहिले. बेरीज कुठंच चुकली नव्हती. तक्ताच दुसऱ्या ऋतूचा होता.

"एसटीत असती त तुही एक दिवसाची रोजी कापली असती मी," तो म्हणाला.

ती हसली नाही. "तुले आत्ता दिसलं हे?"

"नाई. पह्यल्याच दिवशी दिसलं होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

त्यानं छताकडं पाहिलं. पंख्याखाली कॅलेंडर हलत होतं. "तू मन लावून करून राह्यली होती. मले वाटलं, करू दे." मग आवाज न चढवता, "या वहीशिवाय माह्यासंग दुसरं काई बोलतच नव्हती तू."

मशीनवरचा आकडा एकानं पुढं सरकला. ज्योत्स्नानं वही मिटली. पेनाचं टोपण लावलं. तिला आठवलं, तीन महिने रोज संध्याकाळी हा समोर बसून उजवी खिडकी की डावी यावर वाद घालत होता.

"ऑक्टोबर संपला की टाइम पुन्हा पह्यल्यासारखा होते," रत्नदीप म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. "तवा पाहू. नाई जमलं त नाई. एवढं पाणी पाह्यचं अन् प्यायचं घोटभर, त्याच्यात बी काय मजा."

प्रेरणा रक्तदाब घ्यायला आली. पट्टा बांधला, आकडा लिहिला, आणि सवयीनं विचारलं की, मॅडम, काढली का तिकिटं.

ज्योत्स्नानं पिशवीतून निळी फाइल काढली. आधी आपलं बोट भावाच्या मनगटाच्या वर ठेवलं, सुया होत्या त्यांच्या खाली, जिथं जागा होती तिथं. पंधरापर्यंत मोजलं.

"तिकिटं डिसेंबरात काढू," ती म्हणाली. "प्रेरणा, डॉक्टरांना सांग, फॉर्म आज भरते. किडनी मी देतेय."