शंका येण्याइतकी सरळ रेघ

"ताई, आज पुरता बुडवला त्याला," मी फोनवर म्हटलं.  तेवढ्यात स्वयंपाकघरातून टक्क असा आवाज आला, कपावर चमचा आपटावा तसा.

"तोंड कसं झालं होतं गं?"

"एरंडेल प्यायल्यासारखं."

ताई खुदकन हसली. माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणाच्या रजेत आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी काय केलं ते तिला तोंडपाठ आहे. दोन वर्षं खपून मी फोटो काढले होते, बॅटरीतल्या सिरॅमिकच्या चकतीत भेगेभेगेतून शिरणाऱ्या लिथियमच्या धाग्यांचे. सरांनी ते स्वतःच्या नावावर छापले. विचारलं तर म्हणाले, "अहो, तुम्ही आता बाळ बघा, लिथियमचं मी बघतो."

बघा म्हटलं.

चकतीच्या दोन्ही अंगांना लिथियम असतं. वीज सोडली की ते चकतीतून इकडून तिकडे जातं. तिला त्रास होतो, तशी व्होल्टेजच्या आलेखाची रेघ हळूहळू वर चढते. सरांच्या नव्या सेलची रेघ मात्र एके दिवशी जराशी खाली बसली आणि मग चारशे तास सरळ. "कशी गुणी बाळासारखी चाललीय!" असं म्हणत सर सगळ्यांना दाखवत फिरले.

गुणी बाळ! घरात पोर असलेल्या बाईला विचारा. पोर इतकं गप्प झालं की समजावं, काहीतरी फोडून बसलंय. धागा आरपार गेला होता, दोन्ही अंगं जोडली गेली होती. सेल मेला होता आणि सर त्याच्या तब्येतीचं कौतुक करत होते.

मला पहिल्याच दिवशी दिसलं. तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आज सरांच्या व्याख्यानाला बाहेरचे पाहुणे आलेले. सरांचं बोलणं संपलं तसा मी हात वर केला. "सर, सेल उघडून बघितलात का?"

"गरज वाटली नाही."

पहिल्या रांगेतल्या वयस्क बाईंनी चष्मा पुसून रेघेकडे पाहिलं. "अहो, हा केव्हाच शॉर्ट झालाय."

सर पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता, तरी प्यायले.

"पहिल्या दिवसापासून माहीत असून तीन आठवडे कळ काढलीस? मानलं बाई तुला!" फोनच्या स्पीकरवर ताईचा आवाज घरभर घुमला.

फोन ठेवला तेव्हा ध्यानात आलं, स्वयंपाकघरात फारच शांत आहे.

लेक ओट्याखाली फ्रॉक पसरून बसली होती. फ्रॉकखाली माझा निळा कप, दोन तुकडे. मी तिला मांडीवर ओढलं, एकेक बोट उलटंपालटं करून पाहिलं. कुठे खरचटलंही नव्हतं.

"फुटला तेव्हाच का नाही सांगितलंस, सोन्या? लागलं असतं म्हणजे?"

बोटं माझ्याच हातात ठेवून तिनं वर पाहिलं.

"आई, मग तू त्या सरांना का नाही सांगितलंस?"