घरच्या पत्त्यावरची चौकशी

तासगावच्या बँकेत संयोगिताची ही चौथी खेप होती. मांडीवर चार महिन्यांची मुलगी, खांद्याला दुपट्यांची पिशवी आणि हातात कागदांची फाइल. बाळ चुळबुळ करायला लागलं की ती उठायची, पंख्याखाली दोन फेऱ्या मारायची आणि परत बाकावर येऊन बसायची. बाळंतपणापासून सलग झोप अशी तिला मिळालीच नव्हती. कीर्तन संपत येताना टाळकऱ्याचा हात जड होतो पण ताल सोडता येत नाही, तसे तिचे दिवस चालले होते.

विट्याला एका सरकारी कचेरीत ती लिपिक होती. प्रसूती रजा संपायला दोन महिने उरले होते. गावातून विट्याला जायचं तर दोन एसट्या बदलायच्या. नवरा शिवतेज फौजेत, आसामात. त्याच्या पगारावर घराचं कर्ज आधीच होतं. म्हणून तिनं स्वतःच्या पगारावर जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. गाडी ती स्वतः चालवणार, मागं सासू राहीबाई बाळाला घेऊन बसणार, कचेरीमागं एक खोली भाड्यानं घ्यायची आणि दुपारी जाऊन बाळाला पाजायचं. राहीबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. म्हणजे गाडी झाली तर नोकरी राहणार होती, नाहीतर सोडावी लागणार होती.

कर्जाच्या साहेबांनी तिला आधी विचारलं होतं की मॅडम, तुम्ही परत कामावर जाणार ना नक्की? मग कचेरीचा दाखला मागितला, मग रजेतल्या पगाराच्या पावत्या, त्या उशिरा निघाल्या. शेवटी म्हणाले, आता फक्त घरच्या पत्त्यावर चौकशी राहिली, आमचा माणूस येऊन जाईल. तो येऊन गेला तेव्हा ती बाळाला लस टोचायला दवाखान्यात गेली होती.

आज साहेबांनी आत बोलावलं आणि अहवालाचा कागद तिच्यापुढं सरकवला. ‘अर्जदार यापुढे नोकरी करणार नसल्याचे सासूबाईंनी सांगितले. शेजारी धोंडुबाई यांचाही दुजोरा.’

तिनं तो दोनदा वाचला. साहेबांनी कागद परत फाइलीत लावला, म्हणाले, ह्यावर कर्ज होत नाही.

घरी आली तेव्हा राहीबाई सोप्यात तांदूळ निवडत होत्या. संयोगितानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि विचारलं. राहीबाईंनी काही लपवलं नाही. मोटारसायकलवरून बँकेचा एक माणूस आला, चपला बाहेर काढल्या, घर कुणाचं, माणसं किती, कोण काय करतं, असं विचारत बसला. मग उठून शेजारी गेला आणि तिथंही तेच विचारलं. राहीबाईंच्या दारात उभ्या जन्मात असा माणूस एकाच कामासाठी आलेला होता, सोयरिकीच्या. मुलीचं नाहीतर मुलाचं घर बघायला. त्याच्यापुढं घरातलं उणं काढायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्याला चहा दिला, बेदाण्याची बशी पुढं केली, मुलाची फौजेतली नोकरी सांगितली आणि वर सांगितलं की सून काय पोटासाठी नोकरी करत न्हाई, हौस हुती म्हणून केली, आता लेकरू झालंय, घरीच राहील.

“गरजवंताच्या दारात कोण पैसं घेऊन येतं?” राहीबाई म्हणाल्या. “मला वाटलं, घर भरलेलं दिसलं तर देतील.”

“आत्या, बँकेला आपल्या घरात पोरगी द्यायची न्हवती,” संयोगिता म्हणाली. ओरडायचं त्राण तिच्यात नव्हतं. “मी कामावर जाणार का, एवढंच विचारायचं हुतं त्यांना.”

राहीबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. त्या बाळाच्या तळपायावरून बोट फिरवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संयोगितानं साहेबांना फोन केला. साहेब वाईट नव्हते. चौकशीचा माणूस एकदाच परत पाठवतो, म्हणाले, पण शेजाऱ्यांचाही जबाब लागेल. राहीबाईंना घोर लागला तो ह्याचाच. सुनेच्या नोकरीची हौस त्या तीन वर्षं धोंडुबाईला ऐकवत आल्या होत्या. देवळात हरिपाठाला शेजारी बसून, नळावर, भाजी निवडताना. काय सांगू, म्हणून त्यांनी सुनेला विचारलं. खरं असंल ते सांगा, म्हणून संयोगिता पाळण्याची दोरी हातात धरून डोळे मिटून पडली. त्या संध्याकाळी राहीबाई हरिपाठाला गेल्या आणि कुणाशी न बोलता परत आल्या. पांडुरंगापुढं काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गुरुवारी तो माणूस, जयराज, पुन्हा आला. तो बसायच्या आत राहीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मागच्या परड्याच्या भिंतीशी गेल्या आणि धोंडुबाईला हाक मारून घेऊन आल्या. पिठाचे हात पुसत धोंडुबाई उंबऱ्यात बसली.

“आता लिवा,” राहीबाई जयराजला म्हणाल्या. “माझी सून कामावर जाणार हाय. रजा सपली की त्याच दिशी. पोराचा पगार घराच्या हप्त्यात जातो, आमी खातो ते हिच्या पगारावर. माझ्या गुडघ्याचं औषध बी तिच्याच पैशाचं.”

जयराजचं पेन थांबलं. धोंडुबाईनं पदर सावरला.

“आवं राहीबाई, हौस हुती न्हवं तिला?”

“मी म्हणत हुते. खोटं म्हणत हुते.”

आतल्या खोलीत संयोगिता बाळाला पाजत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. जयराजनं धोंडुबाईकडं वळून विचारलं, मावशी, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं.

“ह्या म्हणतील त्येला हो म्हटलं, बाबा. शेजार हाय,” धोंडुबाई म्हणाली. “हौसंनं कोण पोटात लेकरू घेऊन सकाळी सातच्या एसटीमागं पळतंय व्हय? मी रोज दारातनं बघत हुते. कळत न्हाई व्हय आमाला. लिवा, जाणार हाय म्हणून.”

तीन वर्षं ज्या बाईपुढं राहीबाईंनी घराचा मान राखला, तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मग त्या खाली बघून हसल्या आणि डोळ्याला पदर लावला. धोंडुबाई म्हणाली, आता रडायचं काय त्यात, चहा टाका.

मंगळवारी बँकेतून फोन आला, कर्ज मंजूर झालं, सहीला या. राहीबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि चिमूटभर सुनेच्या तोंडात घातली. संयोगिता भिंतीला टेकून उभी होती. आनंद व्हायला हवा होता, तो होईल सावकाश. बाळानं दुपटं ओलं केलं होतं, आधी ते बदलायचं होतं.