तवक्कलची गुडदी

पौर्णिमेला अजून आठ दिवस होते, आणि हाशिल बदी सांगत होता की गलबत उद्याच पाण्यात जाणार. फमाऊ फुंदी, गलबतं बांधणारा कारागीर, तेव्हा शेवटच्या फटीत तेलानं भिजवलेला कापूस छिन्नीनं ठोकत होता. त्यानं फट पुरती भरली, छिन्नी पुसली आणि मगच मान वर केली.

"उद्या भांग आहे," तो म्हणाला. "भांगाच्या पाण्यावर होडकं जातं. तवक्कल नाही जायचं."

हाशिलनं फोन पुढे केला. उद्या सकाळी पावणेअकराला भरती आहे, हे बघा, लिहिलंय. नैरोबीहून पाहुणे विमानानं येणार होते, त्यांचा दिवस ठरलेला होता, हॉटेलात बकरे कापायला सांगून झालं होतं. फुंदीनं फोनकडे पाहिलंही नाही. भरती रोजच येते, हे त्याला कुणी लिहून द्यायची गरज नव्हती. भांगाची लहान भरती अर्ध्या किनाऱ्यापर्यंत येऊन दमते, तिथून पुढे नुसता चिखल, आणि त्या चिखलातून एवढं मोठं गलबत ओढलं तर त्याचा कणा मोडेल, हे त्यानं तीन वेळा सांगितलं. मतोंदोनी गावात हे शेळ्या राखणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. हाशिलला ठाऊक नव्हतं याचंच फमाऊला जास्त लागलं, कारण हाशिल काही परका नव्हता. त्याचा आजा याच तवक्कलवर तीस वर्षं तांडेल होता. पण बाप मोम्बासाला गेला, मुलगा तिथेच वाढला, पैसा झाला, आणि आता लामूत हॉटेल काढून आजोबांचं गलबत पाहुण्यांना फिरवायला हवं झालं होतं.

तसं हवं झालं याचं फमाऊला वाईट वाटलं नव्हतं. उलट, ज्या दिवशी हाशिलनं वाळूत रुतून पडलेला तो सांगाडा दाखवून 'फुंदी, हे उठेल का?' असं विचारलं, त्या दिवशी फमाऊ घरी जाऊन जेवला नव्हता. तवक्कल त्याच्या बापानं बांधलेलं. चौदा महिने तो त्याच्यापाशी होता. कुजलेल्या फळ्या काढल्या, बरगड्या बदलल्या, जुन्यातलं जे जगवण्याजोगं होतं ते जगवलं. पुढच्या टोकाला, नाळेवर काढलेले दोन गोल डोळे तेवढे बापाच्या हातचे होते, त्यांना त्यानं नुसता रंग दिला.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. गलबताच्या तळाला, मागच्या टोकाशी, कण्याला लागून अंगठ्याएवढं भोक असतं. किनाऱ्यावर असताना आत साचलेलं पाणी त्यातून जातं. त्या भोकाची लाकडी गुडदी फुंदी स्वतः घडवतो आणि स्वतःजवळ ठेवतो. पाण्यात उतरवायच्या दिवशी मालक अनवाणी त्याच्याकडे येतो आणि लोकांसमक्ष गलबत मागतो. फुंदी गुडदी ठोकतो आणि म्हणतो, 'तुझं.' मग फातिहा, मग दोर. मागणं झालं नाही तोवर गलबत फुंदीचं. पैसे कुणी किती का मोजलेले असेनात.

हाशिलला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. म्हातारा तांडेल कोंबो, जो तवक्कल चालवणार होता, त्यानं सांगितलं होतं. हाशिल हसून म्हणाला होता, जुन्या लोकांचे खेळ.

दुसऱ्या दिवशी फमाऊ गुडदी कमरेला गुंडाळलेल्या किकोईच्या गाठीत बांधून सकाळपासून चिंचेखाली बसला. गावातले दोर ओढणारे सगळे त्याच्याभोवती. बोलावणं आलं नाही. हाशिलनं हॉटेलातली आपली माणसं आणली होती, दोन इंजिनाच्या होड्या आणल्या होत्या, आणि वाळूवर खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे खुर्च्यांवर बसून शहाळी पीत होते. फातिहा झाला नाही. कुणीतरी कर्णा वाजवला.

चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून तवक्कल मागच्या अंगानं खाली घसरलं. ओंडके होते तोवर नीट गेलं. मागचं टोक पाण्यात शिरलं, पुढचं अंग चिखलावर बसलं, आणि होड्यांची इंजिनं बोंबलू लागली. फमाऊ उभा राहिला. त्याला इथूनही कण्याचा आवाज ऐकू आला, किंवा आल्यासारखा वाटला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी हळूच विचारलं, फुंदी, गुडदी कुठाय?

 फुंदीचा हात गाठीवर गेला.

पाणी आत शिरत होतं. दहा मिनिटांत मागचं अंग जड झालं, पंधरा मिनिटांत होड्यांनी ओढूनही हलेना. एक दोर तुटला आणि पाहुण्यांतली एक बाई किंचाळली. मग तवक्कल, पोट भरलेल्या म्हशीसारखं, जिथे होतं तिथेच चिखलात निवांत बसलं. ओढणं थांबल्यामुळे कणा वाचला, त्याला काही झालं नाही. फजिती झाली ती हाशिलची, आणि फजिती झालेला माणूस आधी दुसऱ्याचं नाव शोधतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

तो खुर्च्यांपाशी उभा राहून चिंचेकडे बोट करून मोठ्यानं म्हणाला, "चौदा महिने घेतले, आणि या माणसानं मला चाळण बांधून दिली!"

सगळ्या किनाऱ्यानं ते ऐकलं. फमाऊच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ वर्षांच्या आयुष्यात त्याला कुणी चिडका म्हटलं असेल, कुणी हट्टी म्हटलं असेल, ते खरंही होतं. पण त्याच्या फळीतून पाणी येतं असं त्याच्या दुश्मनानंही म्हटलं नव्हतं. तो घरी गेला.

घरी बायको म्वानाहवा मोफाच्या, म्हणजे बाजरीच्या, भाकऱ्या थापत होती. तिला बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"ओमारचे बाबा, एक खरं सांगा," ती म्हणाली. "गप्प बसलात ते गलबत मोडू नये म्हणून, की त्याची जिरावी म्हणून?"

फमाऊनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "दोन्ही," तो म्हणाला.

शब्द म्हणजे काय खेळ आहे? दोन दिवसांत 'चाळण' गावभर झालं. पोरं गलबताभोवती पोहताना ओरडू लागली. तिसऱ्या दिवशी फाझाहून कुपीचा निरोप आला. कुपीची मशुआ, शिडाचं छोटं होडकं, दुरुस्तीला यायची होती, फळ्याही निवडून झाल्या होत्या. तो म्हणत होता की जरा थांबू, घाई नाही. घाई नाही! गेल्या महिन्यात हाच कुपी फमाऊच्या दारात ठाण मांडून बसला होता. फमाऊला कळलं की हे असं एकेक करून सगळे थांबतील. बापानं दिलेली हत्यारं तेल लावून पेटीत ठेवायची आणि दारात बसून खोकायचं, एवढंच मग उरलं असतं. आणि हे कुणामुळे? ज्याला भांग आणि उधाण यांतला फरक कळत नाही त्याच्यामुळे.

चौथ्या दिवशी हाशिलचा माणूस आला. कोंबोनं हाशिलला भोक दाखवलं होतं. माणूस म्हणाला, साहेबांनी गुडदी मागवलीय.

"ती निरोपानं पाठवायची वस्तू नाही," फमाऊ म्हणाला. "ज्याला हवी त्यानं यायचं. आणि जिथं चाळण म्हणाला तिथंच, तेवढ्याच मोठ्यानं, शब्द परत घ्यायचा."

हाशिल आला नाही. लामूतून दुसरी गुडदी करून आणतो म्हणाला. लामूतल्या तीन सुतारांनी भोकाचं माप विचारलं नाही, गलबत कुणी बांधलं ते विचारलं, आणि तिघांनाही अचानक फार काम निघालं.

या सगळ्यात तवक्कल आपलं काम करत होतं. भरतीला पाणी आत येई, ओहोटीला भोकातून थोडं बाहेर जाई, आणि दिवसेंदिवस फळ्या पाणी पीत होत्या. तीस वर्षं उन्हात वाळलेल्या जुन्या फळ्या आणि गेल्या वर्षीच्या नव्या, दोन्ही फुगून एकमेकींना घट्ट भिडत होत्या. कापूस त्यांच्यामध्ये दाबला जात होता. फमाऊ रोज संध्याकाळी जाऊन फळीवर बोटाचं पेर आपटून ऐकत असे. आवाज रोज भरीव होत होता. कोरडं गलबत आधी भिजवावं लागतंच, उधाणाच्या आधी त्यानं स्वतःच बायकांना घागरी घेऊन बोलावलं असतं. हे तो कुणाला सांगायला गेला नाही. विचारलं कुणी?

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सकाळी दहाच्या ओहोटीला समुद्र इतका मागे गेला की पलीकडच्या खारफुटीची मुळं उघडी पडली. तवक्कलमधलं उरलेलं पाणी भोकातून निघून गेलं. फमाऊनं आत उतरून तळ फडक्यांनी पुसून घेतला आणि म्वानाहवाकडून आणलेलं मूठभर मोफाचं पीठ कण्याशेजारी, सर्वांत खालच्या फळीवर पसरलं. त्याच्या बापाचीही हीच पद्धत होती. पिठाला खोटं बोलता येत नाही.

दुपारी अख्खं गाव जमलं. बोलावलं कुणीच नव्हतं. बायका हलवा आणि कडू कॉफीच्या किटल्या घेऊन आल्या, पुरुषांनी दोर खांद्यावर घेतले. फाझाचा कुपीही एका बाजूला उभा होता, सहज आल्यासारखा. हाशिल आला, पण वर खडकावरच थांबला. पायात बूट होते आणि फोन कानाला.

फमाऊ गुडदी मांडीवर घेऊन वाळूत बसला. पाणी चढत होतं. सगळे एकदा त्याच्याकडे बघत, एकदा खडकाकडे. पाणी भोकाच्या वीतभर खाली येऊन ठेपलं. फमाऊ हलला नाही. चार बोटं राहिली. आज चुकलं तर पुढचं असं उधाण पंधरा दिवसांनी, आणि तोवर वारा फिरला असता. म्वानाहवानं किटली खाली ठेवली. हाशिल फोनवर बोलतच होता.

दोन बोटं राहिली तेव्हा फमाऊ उठला. "त्याच्या आज्यानं पाहिलं असतं तर मुस्काटात दिली असती," असं पुटपुटत तो गलबताखाली गेला. गाढव हाशिल होता, गलबत नव्हतं. त्यानं गुडदीला कापूस गुंडाळला, भोकात बसवली आणि मोगरीचे सात घाव घातले. मग बाहेर येऊन ओंजळ उघडली. फातिहा झाला आणि दोर ताठ झाले.

साडेचारला पाणी माथ्यावर आलं. गावानं ओढलं, गात ओढलं, आणि तवक्कल चिखलातून असं सुटलं की पुढची रांग पाण्यात पालथी पडली. बायकांनी हेल काढला. फमाऊ आणि कोंबो वर चढले. कोंबोनं सुकाणू धरलं.

आता हाशिल धावत खाली आला. बूट घालूनच गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं हात हलवला आणि ओरडला, गलबत हॉटेलच्या धक्क्याला घ्या.

कोंबोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो फमाऊकडे वळला. "फुंदी, कुठं न्यायचं?"

किनाऱ्यावरचं गाणं थांबलं.

"अहो, माझं गलबत आहे ते!" हाशिल म्हणाला.

"मागितलंस कधी?" कोंबोनं विचारलं, अगदी शांतपणे.

हाशिलनं वळून किनाऱ्याकडे पाहिलं. दोनशे माणसं होती, आणि एकही त्याच्या बाजूनं बोलत नव्हतं. त्यानं फोन खिशात घातला. मग, काय झालं कुणास ठाऊक, वाकून बूट काढले आणि वाळूकडे फेकले. छातीभर पाण्यातून चालत येऊन तो दोर धरून वर चढला. फमाऊसमोर ओलाचिंब उभा राहून त्यानं तोंड उघडलं.

"आधी तळाला जा," फमाऊ म्हणाला. "कण्याशेजारी जे आहे त्याला हात लाव."

हाशिल खाली उतरला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा मूठ मिटलेली होती. त्यानं ती उघडली. बोटांवर पीठ होतं आणि ते बोटांवरून भुरभुरत होतं.

"शर्टचं पाणी पडलं तेवढंच भिजलंय," तो हळूच म्हणाला. "बाकी कोरडं आहे."

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊक आहे. तिकडं सांग."

हाशिल कठड्याशी गेला. दोन्ही हात तोंडाशी धरून, चाळण म्हणाला होता त्याहून मोठ्यानं तो ओरडला, "कोरडं आहे! मी चुकीचं बोललो! फुंदीचं गलबत कोरडं आहे!" मग वळून, मान खाली घालून म्हणाला, "फुंदी, माझ्या आजोबांचं गलबत मला द्या."

या क्षणासाठी फमाऊनं सात दिवस वाक्यं जमवली होती. आंघोळ करताना, नमाजाला जाताना, गाढवाला पाणी पाजताना एकेक सुचलेलं. हाशिलच्या बुटांबद्दल होतं, फोनबद्दल होतं, त्या कर्ण्याबद्दल तर तीन होती. पण नाळेवरचे बापाच्या हातचे डोळे पाण्यावर डुलत होते.

"तुझं," तो म्हणाला, आणि दोर धरून पाण्यात उतरला.

किनाऱ्यावर कुपी वाट बघत होता. मशुआ कधी आणू, विचारत होता. फमाऊ त्याच्या अंगावरून पुढे निघून गेला. दहा पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाला, पुढच्या उधाणाला आण. मग म्वानाहवाच्या हातातली रिकामी किटली घेऊन तो घराकडे वळला, आणि वाटेभर जमवलेली सगळी वाक्यं त्यानं तिला ऐकवली. एकही गाळलं नाही.