विंगेतली तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. तुम्ही सिनेमाच्या थिएटरात शिरता तेव्हा डाव्या हाताला, जाड पडद्यापाशी, तिकीट फाडणारे म्हातारे मामा बसलेले असतात. ते माझ्यावरच बसतात. तुमची नजर आतल्या चित्राकडे लागलेली असते, माझ्याकडे कशी जाणार? माझी काही तक्रार नाही. माझं सगळं आयुष्य अंधाऱ्या कोपऱ्यातच गेलं. पण त्या कोपऱ्यातून मी जे पाहिलं, ते समोर बसलेल्यांना कधी दिसलं नाही. म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म एका नाटक कंपनीच्या सामानाच्या खोलीत झाला. हेच मामा तेव्हा कंपनीचे सुतार होते. त्यांनी नव्या नाटकासाठी सिंहासन घडवलं आणि थोडं लाकूड उरलं. चांगलं लाकूड टाकून द्यायचं मामांच्या जिवावर यायचं. त्यांनी उरलेल्या तुकड्यांचे तीन पाय केले, वर एक गोल फळी बसवली, आणि मी तयार झाले. म्हणजे सिंहासन माझं सख्खं भावंड. त्याला सोनेरी रंग लागला, मखमल लागली. मला साधं तेलपाणीही मिळालं नाही. त्याच्यावर राजे बसायचे, माझ्यावर वहिनी बसायच्या.

राजे म्हणजे खरेखुरे राजे नव्हेत. ते कंपनीतले मोठे नट होते. नेहमी राजाचंच काम करायचे, म्हणून धोब्यापासून मालकापर्यंत सगळे त्यांना राजेच म्हणायचे. वहिनी त्यांच्या बायको. वहिनींचं काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, जिला विंग म्हणतात तिथे त्या नाटकाची वही आणि छोटा दिवा घेऊन माझ्यावर बसायच्या आणि राजांना पुढच्या वाक्याचा पहिला शब्द हळूच पुरवायच्या.

राजांचा आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही कळावा. पण त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरओळख नाही, आणि पाठांतराचा तर भारी कंटाळा. तालमीत ते म्हणायचे, "मी कशाला पाठ करू? माझं डोकं विंगेत बसलंय की!" आणि सगळी कंपनी हसायची. वहिनीही हसायच्या.

एकदा मामा धावत विंगेत आले. "वहिनी, घोळ झाला! राजे तिसऱ्या अंकातलं भाषण दुसऱ्यातच बोलून बसले."

वहिनींनी वहीवरून मान वर केली नाही. "बसले ना? मग दुसऱ्यातलं तिसऱ्यात बोलतील. तुम्ही पडदा तेवढा वेळेवर पाडा."

आणि खरंच तसं झालं. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. उलट टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

आता माझी खोड सांगते. माझा एक पाय जरा आखूड आणि वरच्या फळीशी त्याचा सांधा थोडा ढिला होता. शब्द सांगायला वहिनी पुढे झुकल्या की मी करकरायची. आधी करकर, मग शब्द. इतकी वर्षं हे चाललं की राजांच्या कानाला त्याची सवयच झाली. कितीदा तर माझ्या नुसत्या करकरीनेच त्यांना पुढचं आठवायचं. आपली बायको पुढे झुकली आहे, आता आपण पडणार नाही, एवढं त्यांना पुरायचं. मग चेहरा असा उजळायचा की प्रेक्षकांना वाटावं, काय हा अभिनय! मामांनी एकदा सांध्यात पाचर ठोकायला हातोडी काढली, तर राजे केवढ्याने ओरडले. "खबरदार! तिला हात लावायचा नाही. तिची करकर बंद केलीत तर मी मुका होईन."

मित्रांनो, तेव्हा हसण्यावारी गेलेलं ते बोलणं पुढे खरं होऊ पाहत होतं.

काही वर्षांनी बोलपट आले. पडद्यावरची चित्रं आधी हालत होती, आता बोलू लागली, गाऊ लागली. लोक वेड्यासारखे तिकडे धावले. आमच्या नाटकाच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. शेवटी मालकांनी कंपनी बंद केली आणि आमचं नाट्यगृहच बोलपटवाल्यांनी घेतलं. रंगमंचावर मोठं पांढरं कापड ताणलं गेलं. माझं भावंड सिंहासन एका न्हाव्याने नेलं. त्यावर बसून लोक दाढी करून घेतात, असं मामा सांगतात. मामा तिथेच दारावर कामाला राहिले. मला वहिनींनी घरी नेलं. राजे खिडकीत बसून रस्ता बघत राहायचे. कुणी ओळखून हात जोडले की पाठ ताठ करायचे, तो माणूस पुढे गेला की पुन्हा वाकायचे.

आणि मग एके दिवशी एक तरुण दिग्दर्शक घरी आले. त्यांनी राजांची सगळी नाटकं पाहिली होती. म्हणाले, "माझ्या बोलपटात म्हाताऱ्या बापाचं काम आहे. तुम्हीच करायला हवं."

राजांनी विचारलं, "राजा आहे का तो?"

"नाही. साधा माणूस आहे. मुलगी भांडून घर सोडून गेलीय, बायको आजारी आहे."

राजांचं तोंड पडलं. वहिनी आतून म्हणाल्या, "करतील ते. आणि मी बरोबर येईन."

अशी मी बोलपटाच्या स्टुडिओत गेले. ते पूर्वीचं मालाचं गोदाम होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या. दिव्यांचा उजेड असा की माझ्या अंगातली उरलीसुरली ओल निघून गेली. राजांच्या डोक्यावर काठीला बांधलेला मायक्रोफोन लोंबत होता. आणि एका काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून, आवाज टिपणारे गृहस्थ बसले होते. त्यांना सगळे कानवाले म्हणत. गोदामात पाल चुकचुकली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

पहिलंच वाक्य राजांनी शेवटच्या रांगेसाठी फेकलं. तिथे शेवटची रांग नव्हतीच. काचेच्या खोलीतून कानवाले दोन्ही कान झाकून बाहेर आले. "अहो राजे, मी इथे बसलोय, पलीकडच्या गावात नाही!"

राजांनी आवाज खाली आणला. एक वाक्य बोलले आणि थांबले. बराच वेळ थांबले.

दिग्दर्शकांनी विचारलं, "का थांबलात?"

"टाळी संपू द्या की."

"कुणाची टाळी?"

राजांनी आजूबाजूला पाहिलं. दिवेवाले, कॅमेरावाले, कानवाले. टाळी वाजवायला कुणाचाही हात मोकळा नव्हता. राजे कसनुसं हसले. त्यांचं ते हसू मला अजून आठवतं.

तरी तेवढं त्यांनी हळूहळू जमवलं. खरा घोटाळा मोठ्या भाषणाच्या वेळी झाला. आजारी बायकोच्या उशाशी बसून बाप एकटाच बोलतो, असा तो प्रवेश होता. एका दमात घ्यायचा, मध्ये तोडायचा नाही. वहिनी नेहमीसारख्या एका पडद्याआड माझ्यावर बसल्या आणि शब्द पुरवू लागल्या. राजे सुरेख बोलले. दिग्दर्शक खूश झाले. तेवढ्यात कानवाले चक्रावून बाहेर आले.

"इथे कुणी बाई आहे का? राजे बोलायच्या आधी एक बाई बोलते. प्रत्येक वाक्य! आणि तिच्याही आधी कुठलंसं दार करकरतं."

मग कुणीतरी पडदा बाजूला केला. मांडीवर कागद घेतलेल्या वहिनी आणि खाली मी. एक दिवेवाला फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "म्हणजे राजे आवाजापुरतेच होय?"

राजांच्या कानावर ते गेलं. इतक्या वर्षांची गोष्ट चारचौघांत उघडी पडली होती. दिग्दर्शक माणूस चांगला, पण तेही अडचणीत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "राजे, इथे प्रॉम्प्टिंग चालत नाही. माईक सगळं ऐकतो. उद्या हा प्रवेश व्हायलाच हवा. तुम्हांला पाठ होणार नसेल तर तसं सांगा. मला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल."

आम्ही घरी आलो. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ठेवलं आणि भाजी चिरायला बसल्या.

राजे दारात उभे राहिले. "नाही म्हणून कळवून टाक."

"का?"

"तुझा आवाज नसला की मला पुढचं काही दिसतच नाही. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "मीच तुम्हांला पांगळं केलंय, तेही माहीत आहे. तुम्ही अडलात की मला हातभर उंच झाल्यासारखं वाटायचं." त्यांनी विळी बाजूला सारली. "बसा इथे. पाठ करू नका. नुसतं माझ्याशी बोला. मी आजारी आहे असं समजा."

"तू? तू तर उभ्या जन्मात साधी शिंकली नाहीस."

"तेवढा अभिनय येत नसेल तर राजे कशाला म्हणवून घेता?"

राजांना हसू फुटलं. ते समोर बसले. वहिनी एक वाक्य सांगायच्या, ते ऐकून राजे त्यांनाच ते आपल्या तोंडाने सांगायचे. नाटकातल्यासारखं नाही, घरात बोलतात तसं. भाजी शिजली, जेवणं झाली, भांडी घासून झाली, बोलणं चालूच होतं. वहिनींना वाक्य सांगायची गरज कमी कमी होत गेली. मला त्या संध्याकाळी करकरावंच लागलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि राजांचा धीर पुन्हा खचला. त्यांनी दिग्दर्शकांना जवळ बोलावलं. "एक मागणं आहे. तिला माझ्यासमोर बसू द्या. ती बोलणार नाही."

कानवाले म्हणाले, "बाई बसल्या तर हरकत नाही. पण ती तिपाई नको. ती भारी बडबडी आहे."

"ती तिपाई हवीच," राजे म्हणाले.

शेवटी माझ्या तिन्ही पायांना चिंध्या बांधल्या आणि मला कॅमेऱ्याशेजारी ठेवलं. त्यांना काय माहीत, माझी करकर पायांत नव्हतीच, वरच्या सांध्यात होती. मित्रांनो, तुम्ही कधी शिंक दाबून धरली आहे? तसा मी तो सांधा आवळून धरला. वहिनी बसल्या. त्यांच्या हातात आज काही नव्हतं. इतकी वर्षं मी त्या दोघांच्या मध्ये होते, पण काम चालू असताना राजांनी वहिनींकडे कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आज ते प्रथमच त्यांच्याकडे बघून बोलू लागले.

एकेक वाक्य येत गेलं. आवाज चढला नाही. टाळीसाठी ते थांबले नाहीत. दिवेवाल्यांची चुळबूळ बंद झाली. भाषण शेवटाला आलं. "मी दार नुसतं लोटून ठेवलंय," राजे म्हणाले. "कडी लावली नाही. पोरगी आली तर तिला दार ठोठावावं लागू नये."

आणि ते थांबले.

अजून एक वाक्य बाकी होतं. "तू झोप आता," एवढंच. राजे ते विसरले होते की मुद्दाम थांबले होते, मला अजून सांगता येत नाही. पण वहिनींना राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय. त्या झटकन पुढे झुकल्या, तोंड उघडलं, आणि त्यांना आठवलं की बोलायचं नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला मात्र मिटायला ओठ नव्हते.

मी करकरले.

त्या शांत गोदामात ती करकर केवढी मोठी वाटली! आणि राजांनी चटकन मान वर केली. नाटकात माझी करकर ऐकून व्हायचा तसाच त्यांचा चेहरा उजळला. आपण पडणार नाही, आपलं माणूस आलं, असा.

कॅमेरा थांबला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं, माझ्यामुळे गेलं," त्या म्हणाल्या. राजे उठून त्यांच्याजवळ आले. "तू नव्हतीस, तिपाई होती," ते म्हणाले. काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि कानवाले बाहेर आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"आवाज आला ना?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"आला," कानवाले म्हणाले. नाक ओढून त्यांनी डोळे पुसले. "दाराचा. पोरगी परत आली."

तो प्रवेश तसाच ठेवला गेला. शेवटचं वाक्य बोललंच गेलं नाही, आणि बोलपट राजांच्या त्या वर उचललेल्या चेहऱ्यावरच संपवला गेला. पुढे राजांना बरीच कामं मिळाली, सगळी साध्या माणसांची. वहिनींकडून ते अक्षरंही शिकले. पाटीवर स्वतःचं नाव लिहिताना ते जीभ बाहेर काढायचे. मग घरात माझं काम उरलं नाही आणि मला मामांनी मागून घेतलं.

बोलपट याच थिएटरात लागला तेव्हा ते दोघं बघायला आले होते. मामांनी त्यांना शेवटच्या रांगेत, माझ्याजवळच बसवलं. पडद्यावरचे राजे बोलू लागले आणि अंधारात वहिनी पुटपुटू लागल्या. प्रत्येक वाक्य, राजांच्या आधी.

पुढच्या रांगेतला माणूस वैतागून वळला. "अहो बाई, गप्प बसा ना!"

"बोलू द्या हो तिला," राजे म्हणाले. "मी पुढचं विसरलो तर?"

आता ती दोघंही नाहीत. मित्रांनो, मी काही शहाणपण शिकवणारी नव्हे, मी बसायची वस्तू. पण एक मागणं आहे. कुणी छान बोललं, छान गायलं, तर भरपूर टाळ्या वाजवा. टाळ्या थांबल्या की मात्र एकदा बाजूच्या अंधारात बघा. तिथे कुणीतरी बसलेलं असेल. त्याच्या अंगावर पांघरूण आहे का, त्याच्या तिपाईचा पाय धड आहे का, एवढं विचारा. आणि घरातली जुनी वस्तू करकरली म्हणून लगेच भंगारात देऊ नका. ती कुणाच्या तरी ओळखीचा आवाज असू शकते.

तो जुना बोलपट अजून अधूनमधून इथे लागतो. "कडी लावली नाही," असं राजे आत म्हणतात तेव्हा मामा फाडलेली तिकिटं मोजायची थांबवतात आणि मुद्दाम जरासे पुढे झुकतात. पडद्यावर दार वाजतं आणि पडद्याबाहेर मी. राजे मान वर करतात.