पहिल्या चौकटीतली खूण

इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात मी एकतीस वर्षं काढली. रोगी घरी गेला, किंवा गेलाच, की त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर यायचा. मी तो पानन् पान वाचायची. रक्त चढवलंय पण का ते लिहिलं नाही, औषध दिलंय पण आजाराचं नाव नाही, असं काही दिसलं की डॉक्टरांना चिठ्ठी पाठवायची. त्यांनी उत्तर देऊन सही केली की केसपेपर पुरा. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागत, उत्तर मिळवायला कधी दोन महिने.

डॉक्टर मला चिठ्ठीबाई म्हणत. मी जिन्यात दिसले की लिफ्टकडे वळत. हाडांचे डॉक्टर एकदा मला चुकवायला बायकांच्या स्वच्छतागृहात शिरले, आणि आतल्या नर्सने त्यांना कोपराला धरून माझ्याच हवाली केलं.

सगळ्यांत चिवट होते पोटाचे सर्जन. त्यांना आम्ही मौनीबाबा म्हणायचो. हाताला यश होतं, पण लिहायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. शेवटी मी युक्ती काढली. चिठ्ठीवर प्रश्न, खाली चार चौकटी, प्रत्येकीपुढे एक उत्तर. त्यांनी फक्त खूण करून सही करायची. आमचा नियम असा, की डॉक्टरांना उत्तर सुचवायचं नाही. केसपेपरात आधीच जे लिहिलंय ते पहिल्या चौकटीत, बाकीची खाली. मी मात्र सगळी पानं वाचून मला जे खरं दिसायचं तेच पहिल्या चौकटीत ठेवायची. शनिवारी चहाच्या कपाशेजारी गठ्ठा ठेवला, की चहा संपेपर्यंत गठ्ठा परत. हेडक्लार्क सगळ्यांना सांगत, "बाईंनी मुक्याला बोलतं केलं."

माझी ताई त्याच इस्पितळात गेली. आतड्याला छिद्र पडलं होतं. मी आईला आणायला गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. ऑपरेशन झालंच नव्हतं. सकाळी दहाची मौनीबाबांची एक ओळ होती: ऑपरेशनचा सल्ला दिला, नातेवाईक तयार नाहीत. त्यापुढे ताई गेल्याची वेळ, बाकी काही नाही.

भाऊजी सांगत होते, आईंना येऊ देऊ का एवढंच मी विचारलं, अर्ध्या तासात सही केली, मग थिएटरच रिकामं होईना. पण सहीचा कागद केसपेपरात नव्हता. थिएटरमध्ये शोधला, वॉर्डात शोधला.

आईने चार वर्षांच्या नातीला मांडीवरून उतरवलं आणि जावयाला म्हणाली, "तुम्ही कच खाल्लीत. माझी लेक तिथे तळमळत होती आणि तुम्ही विचार करत बसलात."

भाऊजी म्हणाले, "डॉक्टरांनी लिहून दिलं तर मानाल?"

"मानेन."

त्यांनी केसपेपरच्या नकलेसाठी अर्ज केला. डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची होती, आणि ती मलाच लिहावी लागणार होती. हेडक्लार्क म्हणाले, घरचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या. पण मौनीबाबांकडून उत्तर आणणारं दुसरं होतं कोण? मी मनाशी ठरवलं, बहिणीची चिठ्ठी म्हणून एक अक्षरही झुकवायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी घरचं उत्तर लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चौकटी नियमाप्रमाणे मांडल्या. ऑपरेशन का झालं नाही? पहिली चौकट, नातेवाइकांची संमती नव्हती. दुसरी, प्रकृती झेपण्यासारखी नव्हती. तिसरी, थिएटर उपलब्ध नव्हतं. चौथी, इतर.

शनिवारी चिठ्ठी गेली. त्याच संध्याकाळी मला ताप चढला. सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नक्कल लिफाफ्यात घालून भाऊजींना दिली.

त्यांनी लिफाफा उघडलाही नाही. सरळ आमच्या घरी आले आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला. मी शाल पांघरून दारात उभी होते. आईने चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

"सही डॉक्टरांचीच आहे ना?"

भाऊजींनी पहिल्या चौकटीतली खूण बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही त्यांना नीट विचारलं होतंत?"

मी हो म्हणाले. त्यांनी लेकीला कडेवर घेतलं, तिच्या चपला हातात घेतल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तापातच मौनीबाबांना गाठलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, त्या माणसाने माझ्यासमोर सही केली होती. माझ्याच पेनाने. थिएटरात आधीची केस लांबली होती."

"मग ही खूण?"

"मी वाचतो कुठे? तुम्ही बरोबर उत्तर वर ठेवता. इतकी वर्षं मी वरच्याच चौकटीत खूण करतोय."

मी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, दुरुस्ती लिहून द्या, तारीख घालून, दोन ओळी. ते म्हणाले, ठेवा, लिहितो. मी अकरा चिठ्ठ्या पाठवल्या. ते लबाड नव्हते. मला बघून त्यांची मान खाली जायची, पण स्वतःच्या सहीखाली स्वतःची चूक लिहायला हात उठत नसावा. वर्षभरात ते दुसरीकडे गेले, आणि पुढे वारल्याचं कळलं.

आईला मी सगळं सांगितलं, चौकटींसकट. ती म्हणाली, "बहिणीचा संसार झाकतेस. झाक." त्यानंतर तिने तो विषय मला काढू दिला नाही.

चौदा वर्षांनी आई अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, पोरीला एकदा बघायचंय. पोरीलाच फक्त. मी निरोप धाडला. भाची आली, ताईसारखीच उंच, आणि आजीचा हात धरून बसली. खिडकीतून मला भाऊजी दिसले. रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. केस पूर्ण पांढरे.

मी तांब्याभांडं घेऊन बाहेर गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. तो कागद कुणी कसा मांडला, ते.

पाणी पिऊन त्यांनी भांडं परत दिलं आणि विचारलं, "आईंनी माझं नाव काढलं का?"

मी म्हणाले, "तिला ग्लानी आहे."

"असू दे," ते म्हणाले. "मी बसतो इथे. जाग आली तर हाक मारा."

संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसले होते. आई पूर्ण जागी होती, नातीशी बोलत होती, आणि मी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.